नऊ वर्षांचा अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला: चार महिन्यांचा हिशेब आणि एक प्रश्न

ताकभात (धागाकर्ता)
शनिवार, रात्री १०:१५

मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र. फार तर पाककृतींच्या धाग्यावर 'फोटो दिसत नाहीये' एवढं लिहून पळतो. पण हे चार महिने डोक्यात घोळतंय, म्हणून आज धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा चुलतभाऊ सांगलीला असतो. द्राक्षबागांच्या औषधांचं छोटं दुकान आहे. मागच्या वर्षी अडीनडीला त्याने कुठल्याशा कर्जाच्या ॲपवरून आठ हजार घेतले. ॲप प्ले स्टोअरवरचं नव्हतं, कुणीतरी लिंक पाठवली आणि याने टाकलं. हप्ता चार दिवस लांबला आणि फोन सुरू झाले. त्याला नाही, आम्हाला! मला, बायकोला, त्याच्या मुलीच्या शाळेतल्या बाईंना, आमच्या सोसायटीच्या वॉचमनला (याने एकदा गाडी लावायला त्याचा नंबर घेतला होता). माझ्या सासूबाईंना तर भावाचा फोटो कसल्यातरी घाणेरड्या चित्राला जोडून पाठवला. त्या बिचाऱ्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

त्या आठवड्यात मी ठरवलं, अँड्रॉइड बस झालं. माझा फोन तसाही वैताग देत होता. गॅलरी उघडली की जाहिरात, लॉक स्क्रीनवर जाहिरात, कॅल्क्युलेटर पहिल्यांदा उघडला तर 'अटी मान्य करा'. अरे, दोन आणि दोन चार करायला कसल्या अटी? हप्त्यांवर आयफोन घेतला.

मिळालं काय ते आधी. कुठलंही ॲप दुसऱ्या ॲपांमध्ये आणि वेबसाइटवर तुमचा माग काढणार असेल तर त्याला आधी तुम्हाला विचारावं लागतं. ही सोय एप्रिल २०२१ पासूनची, पण आमच्या घरात पहिल्यांदाच. कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तर सगळी वही न देता निवडक चार नावं देता येतात. आणि सगळ्यात मोठं, ॲपला तुमचे मेसेज वाचताच येत नाहीत.

आता गेलं काय ते. माझ्याकडे खर्चाची वही ठेवणारं ॲप होतं. बँकेचे मेसेज वाचून किराणा किती, पेट्रोल किती, आपोआप मांडायचं. आयफोनवर ते चालणारच नाही, कारण मेसेज वाचता येत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी गेलो तिथेच पाय अडकला. दुसरं, कीबोर्ड. रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवायची नऊ वर्षांची सवय. शिवाय एफ-ड्रॉइडवरची (प्ले स्टोअरबाहेरचं मुक्तस्रोत ॲपांचं दुकान) बिनजाहिरातीची ॲपं, माझा लाँचर (होम स्क्रीन मांडणारं ॲप), उजवीकडून डावीकडे बोट सरकवून मागे जाणं. अजूनही रोज वीस वेळा चुकीच्या कडेवरून बोट सरकवतो.

प्रश्न असा: परत जाऊ का? की दोन्हीच्या मधली एखादी वाट आहे? हप्ते अजून चौदा बाकी आहेत हे लक्षात घेऊन सांगा.

शेवगा
रात्री १०:२१

मी पयला. सावकाश वाचून प्रतिसाद देतो.

ओलीभेळ
रात्री १०:४०

प्रायव्हसीसाठी आयफोन घ्यायचा आणि मग त्याच्यावर रोजचं जेवण, मुलांच्या शाळेचा गणवेश आणि गाडीचा नंबर सगळं रीलमध्ये टाकायचं. चालू द्या. हलके घ्या.

दोन_सिमवाला
रात्री ११:०५

धागाकर्त्याने जाहिरातवाल्यांपासून सुटका आणि फोन बनवणाऱ्यापासून सुटका यांची गल्लत केलीय असं वाटतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या डग्लस लीथ यांनी पिक्सेल (गूगलचा फोन) आणि आयफोन शेजारी ठेवून, फोन नुसता पडलेला असताना तो घरी काय काय कळवतो ते मोजलं. दोन्ही फोन सरासरी साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीला काहीतरी पाठवत होते. फोन सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पिक्सेलने सुमारे १ एमबी पाठवलं, आयफोनने ४२ केबी. म्हणजे गूगल वीसेक पट जास्त गोळा करतं, हे खरं. गूगलने मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, तेही सांगतो. पण साडेचार मिनिटांचा आकडा दोघांनाही लागू आहे. ॲपल गप्प बसतं असं नाही, कमी बोलतं.

आणि अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलेली गोष्ट: सफारीमध्ये (आयफोनचा ब्राउझर) आधीपासून गूगल सर्च असावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले. पुढच्या दाराला कुलूप आणि मागच्या दाराचं भाडं वसूल.

शेवगा
रात्री ११:३०

वाचलं. भावाचं ऐकून वाईट वाटलं. लाँचरचा उल्लेख आलाय म्हणून सांगतो. मी दहा वर्षं नोव्हा लाँचर वापरला, पैसे देऊन. आयकॉन, पानं, सगळं आपल्या मनासारखं. जुलै २०२२ मध्ये तो ब्रँच नावाच्या कंपनीने विकत घेतला. ब्रँचचा धंदा काय, तर मोबाइलवरच्या लिंका आणि त्यांचं ॲनालिटिक्स, म्हणजे कोण कुठे टिचकी मारतं याचा हिशेब. लाँचर म्हणजे तुम्ही कुठलं ॲप किती वेळा उघडता हे ज्याला सगळ्यात आधी कळतं तो! त्यांनी डेटाबद्दल आश्वासनं दिली, पण माझं मन उडालं. २०२४ मध्ये बहुतेक टीमला नारळ दिला, २०२५ मध्ये मूळ निर्माताही बाहेर पडला. आता मी लॉनचेअरवर आहे. मुक्तस्रोत आहे (कोड कुणालाही तपासता येतो), थोडा ओबडधोबड आहे, चालतं.

सांगायचं हे की फोन मनासारखा सजवायची हौस असेल तर सजावटीचं सामान कुणाकडून घेतोय ते बघा. थीम, आयकॉन, वॉलपेपरची फुकट ॲपं तर सोडूनच द्या.

खडूफळा
रविवार, सकाळी ७:१०

मी शिक्षक आहे, दिवसभर मराठी टाइप करतो, म्हणून कीबोर्डवर दोन शब्द.

ताकभात, तुमची बातमी जुनी आहे. आता रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवणारा कीबोर्ड आयफोनमध्येच आहे. सेटिंग, जनरल, कीबोर्ड, तिथे मराठी जोडताना प्रकार निवडा. बाहेरचं काही टाकायची गरज नाही. बाहेरचा टाकलाच तर तो 'पूर्ण प्रवेश' मागेल. तो दिला नाही तर कीबोर्डला इंटरनेट मिळत नाही, म्हणजे तुम्ही काय लिहिताय ते बाहेर नेऊ शकत नाही. पासवर्डच्या चौकटीत तर आयफोन बाहेरचा कीबोर्ड आपोआप बाजूला सारतो आणि स्वतःचा आणतो.

अँड्रॉइडवर नवा कीबोर्ड चालू करताना एक इशारा येतो, की हा पासवर्ड आणि कार्डाच्या नंबरासकट सगळं गोळा करू शकतो. आम्ही सगळे तो न वाचता 'ओके' दाबतो. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने कसलासा 'फुलाफुलांचा मराठी कीबोर्ड' टाकला होता. घरच्या वायफायचा पासवर्ड, नेट बँकिंग, प्रश्नपत्रिका, सगळं त्याच्यावरूनच.

मी जुन्या अँड्रॉइडवर इंडिक कीबोर्ड वापरतो. मुक्तस्रोत आहे, मराठी नीट आहे. 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' आणि 'ॲ' लिहिताना जो कीबोर्ड अडत नाही तो खरा, माझी परीक्षा एवढीच.

घाटावरचा_पाहुणा
रविवार, सकाळी ११:५०

मधली वाट आहे. जुना पिक्सेल घ्या आणि त्यावर ग्राफीनओएस टाका (अँड्रॉइडचाच, पण प्रायव्हसीवर भर देणारा वेगळा अवतार). मी दीड वर्ष वापरतोय.

टाकणं अवघड नाही. लॅपटॉपला केबल लावायची, ब्राउझरमधूनच होतं, अर्धा तास. टाकून झाल्यावर बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) परत लॉक करता येतो, हे महत्त्वाचं. म्हणून तर ग्राफीन पिक्सेलवरच चालतं, बाकीच्या बहुतेक कंपन्या ही सोय धड देत नाहीत. गूगलच्या सेवा हव्या असल्या तर त्याही टाकता येतात, पण इतर साध्या ॲपांसारख्या पिंजऱ्यात. त्यांना खास अधिकार नाहीत. प्रत्येक ॲपला इंटरनेट द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवता. खडूफळा सरांचा कीबोर्डचा प्रश्न इथे एका टिचकीत सुटतो. माझ्या कीबोर्डचं नेटवर्कच बंद आहे, सांगणार कुणाला आणि कसं? कॉन्टॅक्टचंही तसंच, ॲपला वाटतं परवानगी मिळाली, आणि आत फक्त तुम्ही दिलेली दोन नावं.

लाँचर पाहिजे तो, एफ-ड्रॉइड आहेच.

दोन_सिमवाला
रविवार, दुपारी १२:०४

आणि बँकेचं ॲप? यूपीआय? खरं सांगा हं.

घाटावरचा_पाहुणा
रविवार, दुपारी १२:३०

पकडलंत. 😄 माझी दोन खाती आहेत. एका बँकेचं ॲप बिनतक्रार चालतं. दुसऱ्याचं उघडताक्षणी 'आपले उपकरण सुरक्षित नाही' म्हणून बंद होतं. बरेचदा कारण हे, की ॲप गूगलला विचारतं, 'हा फोन तू प्रमाणित केलेला आहेस का?' गूगल म्हणतं, 'नाही.' तीन वर्षं सुरक्षा अपडेट न मिळालेला फोन मात्र प्रमाणपत्र असल्यामुळे कधी कधी सुखाने आत जातो. त्या दुसऱ्या बँकेचे व्यवहार मी ब्राउझरवरून करतो. बायको म्हणते, दूधवाल्याला पैसे द्यायला लॅपटॉप उघडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मालतीकाकू
रविवार, दुपारी ४:१५

सगळे प्रतिसाद वाचले. फार हुशार आहात सगळे, पण मूळ मुद्दा कुणी बघितलाच नाही.

अरे ताकभात, तुझा नंबर त्या वसुलीवाल्यांना कुठून मिळाला? तुझ्या फोनमधून? नाही ना. भावाच्या फोनमधून मिळाला. तू आयफोन घे, तो ग्राफीन का काय तो घे, नाहीतर साधा बटणांचा डबा घे. भावाच्या फोनच्या वहीत तुझं नाव आहे तोवर तुझा नंबर त्याच्या हातात आहे, तुझ्या नाही. माझ्या सुनेने माझा नंबर 'सासूबाई ठाणे' म्हणून ठेवलाय, तर कुणाच्या तरी यादीत मी तशीच गेलेली असणार.

मी ३४ वर्षं बँकेत काढली, म्हणून हे सांगते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम काढले. कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइली, फोटो, कॉन्टॅक्टची यादी, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन एवढंच, तेही एकदाच, ओळख पटवण्यापुरतं आणि तुम्हाला विचारून. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपांना फोटो आणि कॉन्टॅक्ट बंद केले. तुझ्या भावाचं ॲप या दोन्हीतून सुटलं कसं? लिंकवरून आलं म्हणून. असे फोन येतात तेव्हा १९३० वर तक्रार करायची, लाजून बसायचं नाही. केली होती का?

शेवगा
रविवार, दुपारी ४:२२

काकू, दंडवत.

ताकभात
रविवार, रात्री ९:४०

काकू, काय बोलू? हप्त्यांवर फोन घेण्याआधी हा धागा काढायला हवा होता.

तक्रार केली नाही. भाऊ म्हणाला, पैसे भरून टाकतो, विषय संपव. आठाचे जवळपास चौदा हजार भरले. मी त्याला 'असली ॲपं टाकतोस कशाला' म्हणून झापलं आणि स्वतःसाठी महागाचा फोन घेऊन आलो. आता लिहिताना बरं वाटत नाहीये.

घाटावरचा_पाहुणा
रविवार, रात्री १०:१०

काकूंचं पटलं, पण एक काळजी आहे. 'लिंकवरून ॲप टाकता येतं म्हणून हे झालं' हे वाक्य आता सगळीकडे वापरलं जाणार. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की प्रमाणित अँड्रॉइडवर बाहेरून टाकायच्या ॲपांच्याही निर्मात्यांनी गूगलकडे नाव नोंदवून ओळख पटवायला हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग बाकीकडे. एफ-ड्रॉइडवाल्यांनी उघड सांगितलं की असं झालं तर आमचं दुकान चालवणंच कठीण आहे. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये गूगल म्हणालं, जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू. तेव्हा ज्या दारातून ताकभातच्या भावाकडे चोर आला, त्याच दारातून माझी बिनजाहिरातीची ॲपं येतात. दार बंद करून मोकळं होणं सोपं आहे हो.

मालतीकाकू
रविवार, रात्री १०:२५

दार बंद करा असं मी म्हटलंच नाही. तुला कोण आत येतंय ते कळतं, सांगलीच्या त्या पोराला कळत नाही. त्याला कुणी शिकवलं? फोन विकणाऱ्याने? कर्ज देणाऱ्याने? घरातल्या शहाण्यांनी?

राईनकाठ
सोमवार, पहाटे २:४८

इथे जर्मनीत अजून सोमवार उजाडलेला नाही. युरोपात ॲपलला मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसऱ्यांची ॲप स्टोअर्स येऊ द्यावी लागली, नवा कायदा आला म्हणून. त्यामुळे 'आयफोनवर बाहेरून काही येत नाही' हे आमच्याकडे पूर्ण खरं राहिलेलं नाही. अजून एक गंमत म्हणजे ज्या माग-न-काढण्याच्या सोयीचं धागाकर्त्याने कौतुक केलंय, त्याच सोयीवरून फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने मार्च २०२५ मध्ये ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड ठोकला. सोय वाईट म्हणून नाही, ती ज्या रीतीने राबवली ती इतरांवर अन्याय करणारी म्हणून. फेसबुकवाल्या मेटाने तर २०२२ च्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की या सोयीमुळे वर्षाचे सुमारे १० अब्ज डॉलर जातील. एवढा आकडा ऐकल्यावर सोय काहीतरी काम करत असणार एवढं मला कळतं.

बाकी माझी आई नाशिकला, तिच्या फोनवर दर भेटीत पाच नवी ॲपं सापडतात. काकूंना +१.

गुळपोळी
सोमवार, सकाळी १०:३०

जरा अवांतर. मी पण बदलतेय, अँड्रॉइडवरून आयफोनकडे (कारण प्रायव्हसी वगैरे नाही, दादाचा जुना फोन फुकट मिळतोय). यूपीआय आणि व्हॉट्सॲपचं काय करायचं?

दोन_सिमवाला
सोमवार, सकाळी ११:१५

जुना फोन पुसायची घाई करू नका, हे पहिलं.

व्हॉट्सॲपच्या गप्पा हव्या असतील तर 'मूव्ह टू आयओएस' हे ॲपलचं ॲप वापरा. ते आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच चालतं. दादाचा फोन आहे म्हणजे तो आधी पूर्ण रिकामा करून घ्या, नाहीतर सगळं मांडून झाल्यावर लक्षात येईल आणि पुन्हा पहिल्यापासून.

यूपीआयसाठी बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यात मेसेज पाठवण्याइतका बॅलन्स हवा. अँड्रॉइडवर मेसेज आपोआप जातो. आयफोनवर मेसेजचा पडदा उघडतो आणि 'पाठवा' तुम्हालाच दाबावं लागतं. त्यातल्या अक्षरांत बदल करायचा नाही. नवीन फोनवर सुरुवातीला पाच हजारांची मर्यादा असते, तेव्हा घरभाडं भरायच्या दिवशी फोन बदलू नका. दोन पायऱ्यांच्या लॉगिनचे कोड देणारं ॲप असेल तर ते आधी हलवा. लोक हेच विसरतात.

गुळपोळी
सोमवार, सकाळी ११:२०

घरभाडं परवाच आहे. वाचवलंत, धन्यवाद!

ताकभात
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:०५

धागा वर काढतोय, क्षमस्व. सांगलीला जाऊन आलो.

भावाच्या दुकानातच बसलो, गिऱ्हाईक नसताना. परवानग्यांची यादी उघडली. 'संपर्क' या एका परवानगीखाली एकतीस ॲपं. एक टॉर्चचं, दोन वॉलपेपरची, एक बंद पडलेला खेळ. भाऊ म्हणाला, 'टॉर्चला माझे नंबर कशाला लागतात रे?' मी म्हटलं, हेच मी तुला मागच्या वर्षी ओरडण्याऐवजी विचारायला हवं होतं. सत्तावीस बंद केली. जाहिरातींचा आयडी पुसला (अँड्रॉइड १२ पासून पुसता येतो, सेटिंगमध्ये 'जाहिराती' शोधा). ब्राउझर आणि व्हॉट्सॲप या दोघांची 'अनोळखी ॲप टाकू द्या' ही परवानगी चालूच होती, ती काढली. १९३० वर फोनही केला. उशीर झालाय, पण नोंद झाली. त्याच्या त्याच स्वस्तातल्या फोनवर, एक रुपया खर्च न करता.

मग स्वतःचा फोन हातात घेऊन काकी आली (भावाची आई). तिचा कारभार वेगळाच. कीबोर्ड फुलाफुलांचा, खडूफळा सर, तोच असावा! तो काढला. पंचांगाच्या ॲपला लोकेशन, माइक, कॉन्टॅक्ट सगळं दिलेलं. मी माइक आणि कॉन्टॅक्ट बंद केले आणि लोकेशनही काढणार, तर तिने हातच धरला. 'संकष्टीला चंद्रोदय त्यातच बघते मी. गाव नाही कळलं तर वेळ कुठली दाखवेल?' मुद्दा बरोबर होता. चंद्रोदय गावागणिक बदलतोच. मग नेमक्या जागेऐवजी 'अंदाजे' निवडलं. तेवढ्यात अँड्रॉइड साधारण तीन चौरस किलोमीटरचा पट्टा सांगतं, घर नाही. तिला पटेना. संध्याकाळी जुनं छापील पंचांग काढून वेळ ताडून बघितली, एका मिनिटाचा फरक निघाला. म्हणाली, 'चालेल. आरतीला तेवढं इकडेतिकडे होतंच.'

माझा आयफोन आहे तसाच आहे. हप्ते तेरा. रोमन टाइप करणारा कीबोर्ड सापडला, हे त्याच्यावरूनच लिहितोय. खर्चाची वही आता खरोखर वहीत लिहितो.

शेवगा
रविवार, रात्री ११:१२

वहीचा फोटो दिसत नाहीये.